केंद्रकाच्या कडेचा ठिपका

पदवीच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत आम्हांला स्वतःच्याच गालाच्या आतल्या पेशी एका चपट्या काडीने हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरायला सांगितले होते. रंगद्रव्याचे थेंब सोडून, काही मिनिटे थांबून, जास्तीचा रंग धुऊन मी ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ मला फिकट रंगाच्या, विस्कटलेल्या कडांच्या पेशींखेरीज काहीही दिसले नाही. मग सर्वांत ताकदीच्या भिंगाखाली, एका केंद्रकाच्या अगदी कडेला, त्याच्या आवरणाला आतून चिकटल्यासारखा एक लहानसा गडद ठिपका दिसला. शिकवणाऱ्या बाईंनी भिंगातून पाहिले आणि म्हणाल्या, “हे तुझे एक एक्स गुणसूत्र. बंद करून ठेवलेले.” शेजारी बसलेल्या मुलांच्या काचपट्ट्यांवर तो ठिपका कोणालाच सापडत नव्हता आणि सापडणारही नव्हता. मी विचारले, “पण कोणते? आईकडून आलेले की बाबांकडून आलेले?” बाई म्हणाल्या, “ते या भिंगातून कळायचे नाही. आणि या पेशीत आईचे बंद असेल, तर पलीकडच्या पेशीत बाबांचे बंद असू शकेल.”

तास संपला, काचपट्ट्या धुऊन परत गेल्या. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला आणि त्याच्या मागे मागे जाताना एका गुणसूत्राचा सारा प्रवास मला हळूहळू कळत गेला.

प्रश्नाच्या मुळाशी साधे गणित आहे. सस्तन प्राण्यांत मादीजवळ दोन एक्स गुणसूत्रे असतात, तर नराजवळ एक एक्स आणि एक वाय. माणसाचे एक्स हे डीएनएच्या सुमारे साडेपंधरा कोटी अक्षरजोड्यांचे मोठे गुणसूत्र आहे आणि त्यावर प्रथिने घडवणारी आठशेहून अधिक जनुके आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा लिंगाशी काही संबंध नाही. रक्त गोठवणे, रंग ओळखणे, स्नायू टिकवणे, मेंदूची घडण सावरणे अशी सर्वांनाच लागणारी कामे ती करतात. वाय त्या मानाने अगदीच लहान आहे. तेव्हा दोन्ही एक्स सारख्याच जोमाने काम करू लागले, तर मादीच्या पेशींत या सगळ्या प्रथिनांची मात्रा नराच्या दुप्पट होईल; आणि पेशीच्या कारभारात मात्रेला फार महत्त्व असते. फळमाशीने हा प्रश्न नराच्या एकुलत्या एक्सकडून दुप्पट काम करवून घेऊन सोडवला. सस्तन प्राण्यांनी मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स जवळजवळ संपूर्ण गप्प करण्याचा मार्ग धरला. एवढे मोठे गुणसूत्र, सगळी अक्षरे शाबूत ठेवून, आयुष्यभरासाठी मिटून ठेवायचे, ही कल्पना आजही मला थक्क करते.

हा ठिपका प्रथम दिसला तो मांजरांत, आणि तोही दुसरेच काही शोधताना. कॅनडातील लंडन या शहरात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवर्ट बर्ट्रम हे चेतापेशींना दीर्घकाळ उत्तेजित केल्यावर त्यांच्या केंद्रकात काय बदल होतात, ते पाहत होते. काही मांजरांच्या पेशींत एक छोटा गडद कण दिसे, काहींच्यात दिसत नसे. नोंदी पुन्हा पडताळून पाहिल्यावर लक्षात आले की उत्तेजनाशी त्याचा संबंध नव्हता. कण असलेली सगळी मांजरे माद्या होती. १९४९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि त्या कणाला पुढे बार पिंड हे नाव मिळाले. मला यातला नोंदवहीचा भाग विशेष आवडतो. प्राणी नर की मादी, हे कोणीतरी कंटाळा न करता लिहून ठेवले होते, म्हणून तर हा शोध लागू शकला. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी सुसुमु ओहनो यांनी उंदीरवर्गीय प्राण्याच्या यकृतपेशींत दाखवून दिले की हा कण म्हणजे घट्ट आवळले गेलेले एकच एक्स गुणसूत्र आहे.

तुकडे समोर होते. ते जुळवले मेरी लायन यांनी. केंब्रिजमध्ये त्या शिकल्या तेव्हा स्त्रियांना तिथे पुरुषांच्या बरोबरीची पदवी मिळत नसे, केवळ नावापुरती पदवी दिली जाई. पुढे इंग्लंडमधील हार्वेल येथे, किरणोत्साराचा आनुवंशिकतेवर काय परिणाम होतो याचा अभ्यास चालू असताना, त्या उंदरांच्या केसांचे रंग पाहत होत्या. केसांच्या रंगाशी संबंधित काही जनुके एक्सवर असतात आणि त्यांच्या दोन प्रतींत फरक असेल, तर उंदराच्या मादीच्या अंगावर ठिगळे दिसतात: इथे एक रंग, तिथे दुसरा. दोन रंग मिसळून मधलीच छटा का येत नाही? शिवाय एकच एक्स असलेल्या उंदरांच्या माद्या चांगल्या धडधाकट असतात, त्यांना पिल्लेही होतात, हे नुकतेच कळले होते. म्हणजे पेशीला एक एक्स पुरतो. आणि दुसरा आवळलेला असतो, हे ओहनोंनी दाखवलेच होते. १९६१ साली जेमतेम दोन पानांच्या एका टिपणात लायन यांनी मांडले की भ्रूण अगदी लहान असताना प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक बंद करते. कोणता, हे त्या त्या पेशीत योगायोगाने ठरते. आणि एकदा ठरले की त्या पेशीच्या साऱ्या वंशजांत तोच बंद राहतो. ठिगळ म्हणजे एकाच पूर्वज पेशीचे कुळ. त्याच वर्षी अमेरिकेत लियान रसेल यांनीही याच दिशेचा विचार मांडला होता. पण नियम म्हणून तो स्वच्छपणे सांगितला लायन यांनी, आणि दोन पाने वाचताना आजही कुठे शब्द जास्त झाल्यासारखे वाटत नाही.

हा नियम उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल, तर काळे आणि नारिंगी ठिपके असलेले मांजर पाहावे. अशी मांजरे जवळजवळ नेहमी माद्याच असतात. नारिंगी रंग आणणारा बदल एक्सवर असतो. नेमका कुठे, हे २०२५ साली जपान आणि अमेरिकेतील दोन गटांनी दाखवले. एका जनुकातला सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळल्यामुळे हा रंग येतो. ज्या त्वचापेशींत तो एक्स बोलतो तिथे नारिंगी, ज्यांत तो गप्प आहे तिथे काळा. पांढरा भाग येतो तो निराळ्याच जनुकामुळे. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील टेक्सासमध्ये अशाच तिरंगी मांजरीच्या एका पेशीपासून पहिले क्लोन केलेले मांजर जन्मले, आणि त्या पिलाच्या अंगावर नारिंगी केस एकही नव्हता. मूळ पेशीत नारिंगीचा एक्स गप्प होता. क्लोन करतानाही तो गप्पच राहिला. मूळ मांजरीच्या पेशीतील सगळी अक्षरे पिलात जशीच्या तशी आली होती. पण त्यांतली कोणती वाचायची आणि कोणती मिटून ठेवायची, याची आठवणही पेशीने सोबत नेली होती.

ही आठवण तयार कशी होते, हा या विषयाचा मला सर्वांत प्रिय भाग आहे.

१९९१ साली एक्सवरच एक जनुक सापडले, ज्याची वागणूक सगळ्यांच्या उलट होती. बाकीची बहुतेक जनुके बंद एक्सवर गप्प असतात. हे मात्र केवळ बंद एक्सवरच बोलते. त्याचे नाव एक्झिस्ट. त्याच्यापासून सुमारे सतरा ते एकोणीस हजार अक्षरांचा एक आरएनए, म्हणजे जनुकावरून उतरवलेली प्रत, तयार होतो; पण तो प्रथिनाचा निरोप घेऊन केंद्रकाबाहेर जात नाही. त्याच्यात प्रथिनाची कृती लिहिलेलीच नसते. ज्या गुणसूत्रातून तो जन्मला, त्याच गुणसूत्रावर तो पसरतो आणि त्याला वेढून टाकतो. शेजारचा एक्स, हुबेहूब तसाच असला तरी, त्याच्या स्पर्शापासून दूर राहतो. गुणसूत्राची दोरी सरळ पसरलेली असती, तर तो टोकाकडे क्रमाने सरकत गेला असता. पण गुणसूत्र गुंडाळलेले असते, म्हणून एक्झिस्ट प्रथम पोहोचतो तो अवकाशात जवळ आलेल्या घड्यांवर, मग त्या अक्षरक्रमात कितीही लांब असोत. या आरएनएच्या सुरुवातीच्या भागात एक छोटा क्रम पुन्हा पुन्हा येतो. तेवढाच भाग कापून टाकला, तर आरएनए गुणसूत्रावर पसरतो खरा, पण त्याला गप्प करू शकत नाही. म्हणजे वेढणे आणि गप्प करणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्या छोट्या क्रमाच्या आधाराने एसपीईएन नावाचे प्रथिन येते आणि आणखी प्रथिनांना बोलावून आणते. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवरच्या, जनुक मोकळे ठेवणाऱ्या ॲसिटिल नावाच्या रासायनिक खुणा पुसल्या जातात. वाचन करणारी यंत्रणा बाहेर पडते. मग दुसरी प्रथिने हिस्टोनांवर गप्प राहण्याच्या खुणा करतात. आणखी पुढे जनुकांच्या आरंभस्थानांवर थेट डीएनएलाच मिथाइलचे टाके पडतात. सगळे गुणसूत्र आवळले जाते, केंद्रकाच्या कडेला किंवा केंद्रिकेजवळ सरकते, आणि पेशी दुभंगण्यापूर्वी जेव्हा डीएनएची प्रत निघते, तेव्हा त्याची पाळी इतरांच्या मागून येते.

इतके सारे पक्के झाल्यावर एक्झिस्ट काढून घेतला, तरी गुणसूत्र बहुतांशी गप्पच राहते. ज्याने हे काम सुरू केले त्याची गरज उरत नाही. खुणा एकमेकींना धरून राहतात आणि दर विभाजनानंतर नव्याने केल्या जातात. म्हणूनच पुस्तकांत वापरला जाणारा ‘निष्क्रिय’ हा शब्द मला पटत नाही. त्या शब्दावरून वाटते की काम थांबले आणि पसारा पडून राहिला. प्रत्यक्षात तिथे पिढ्यान्‌पिढ्या पहारा चालू असतो: पुसलेल्या खुणा पुन्हा घातल्या जातात, सुटलेले टाके पुन्हा घेतले जातात. मराठीत ‘गप्प बसणे’ आणि ‘गप्प बसवणे’ यांत जो फरक आहे, तो इथे नेमका लागू पडतो, आणि मला ‘गप्प बसवलेले गुणसूत्र’ हेच अधिक खरे वाटते.

एक्झिस्टचा इतिहासही चकित करणारा आहे. त्याचे काही अवशेष कोंबडीत आजही प्रथिन घडवणाऱ्या एका जनुकाशी जुळतात. म्हणजे फार पूर्वी प्रथिन घडवण्याचे काम सुटले आणि उरलेल्या अवशेषांतून हा आरएनए उभा राहिला. कांगारूच्या कुळात तर एक्झिस्ट नाहीच. तिथे वेगळाच आरएनए तेच काम करतो, आणि योगायोगाला तिथे वाव नाही: दर वेळी बापाकडून आलेला एक्सच बंद होतो. एकाच प्रश्नाला दोन स्वतंत्र वाटांनी सापडलेले हे जवळजवळ सारखे उत्तर आहे. २०१३ साली अमेरिकेत जीन लॉरेन्स यांच्या गटाने डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशींत, जास्तीच्या एकविसाव्या गुणसूत्रावर एक्झिस्ट जनुक बसवले; आणि एक्सशी काहीही नाते नसलेले ते गुणसूत्रही आवळले गेले, गप्प झाले. ते काम पेशींपुरतेच होते, उपचार म्हणून नव्हे. तरी ते वाचून झाल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

माझ्या गालाच्या त्या दोन पेशींकडे परत येते. प्रत्येक स्त्री म्हणजे दोन प्रकारच्या पेशींचे एकत्र विणलेले वस्त्र आहे, हे वाक्य काव्यमय वाटेल, पण ते जसेच्या तसे खरे आहे. तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या जीसिक्सपीडी या विकराच्या जनुकाची एक प्रत सदोष असलेल्या स्त्रीच्या रक्तात धडधाकट आणि दुबळ्या अशा दोन तऱ्हांच्या पेशी शेजारी शेजारी वाहतात, हे १९६२ सालीच दिसून आले होते. घामाच्या ग्रंथी घडवणाऱ्या एका जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल, तर स्त्रीच्या पाठीवर घाम येणारे आणि न येणारे पट्टे सापडतात. ते पट्टे अल्फ्रेड ब्लाश्को या त्वचावैद्याने १९०१ साली रेखाटलेल्या रेषांना धरून जातात, म्हणजे भ्रूणातील पेशी ज्या वाटांनी पसरत गेल्या त्या वाटा त्वचेवर उमटून राहतात. रेट सिंड्रोममध्ये मेंदूला लागणाऱ्या एका जनुकाची एक प्रत बिघडलेली असते; त्या मुलींच्या मेंदूतील काही पेशी सुदृढ प्रत वापरतात, काही बिघडलेली. आणि ज्या पेशी बिघडलेली वापरतात, त्यांच्यातही सुदृढ प्रत आहेच. ती केंद्रकाच्या कडेला आवळून पडलेली असते. उपाय पेशीत हजर असूनही मिटलेला आहे, या विचाराने मन कळवळते. ती प्रत जागी करता येईल का, यावर गंभीरपणे संशोधन चालू आहे, ही मला त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट वाटते.

मौन पूर्णही नसते. माणसाच्या बंद एक्सवरील सुमारे पंधरा टक्के जनुके पहारा चुकवून बोलतच राहतात. म्हणून तर एकच एक्स घेऊन जन्मलेल्या, टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींची उंची कमी राहते आणि अंडाशयांची वाढ खुंटते. दुसरा एक्स खरोखर मुका असता, तर त्याच्या नसण्याने काही बिघडले नसते. ल्यूपस या रोगात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटते आणि दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. त्यामागे अशा निसटलेल्या जनुकांचा हात असावा, असे मानायला आधार आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांतून तर स्वतः एक्झिस्टवरच बोट ठेवले गेले: त्याच्याभोवती जमणारा प्रथिनांचा जमाव संरक्षणयंत्रणेला चिथावू शकतो.

आणि या ठिपक्याचा माणसांनी केलेला एक वापर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९६८ सालच्या ऑलिंपिकपासून पुढे बरीच वर्षे महिला खेळाडूंच्या गालातील पेशी खरवडून त्यांत हाच ठिपका शोधला जात असे. तो दिसला नाही, तर तिच्या स्त्री असण्यावरच शंका घेतली जाई. १९८५ साली जपानमधील कोबे येथे स्पेनची एक अडथळा-शर्यतीची धावपटू या चाचणीत अडली. तिच्या पेशींत एक्स आणि वाय होते, पण पुरुषी संप्रेरकांना तिचे शरीर प्रतिसाद देऊ शकत नव्हते. तिला धावण्याचा हक्क परत मिळायला तीन वर्षे लागली. एक्सची मात्रा सांभाळण्यासाठी पेशीने केलेली सोय म्हणजे माणसाची ओळख, असा अर्थ त्या ठिपक्यावर लादणे हा मला शास्त्राचाही अपमान वाटतो. ज्या पेशीत एकच एक्स आहे, तिथे बंद करण्यासारखे काही नसते, एवढेच तो न दिसणारा ठिपका सांगतो.

एकच एक्स असलेल्या शरीरात तो कधीच बंद होत नाही, असे मात्र नाही, आणि हे मला फार उशिरा कळले. पुरुषाच्या वृषणात शुक्राणू घडताना अर्धगुणसूत्री विभाजन होते, तेव्हा गुणसूत्रांच्या बावीस जोड्या अंगाला अंग लावून उभ्या राहतात. एक्स आणि वाय मात्र फक्त टोकाशी जुळतात. त्यांचा बाकीचा भाग जोडीदाराविना राहतो. पेशी असे एकटे पडलेले भाग ओळखते. इथे एक्झिस्टची गरज नसते. डीएनएची मोडतोड निस्तरणारी प्रथिनेच धावून येतात, त्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात ऐकू येणारे बीआरसीए-१ ही असते. ती एका विशिष्ट हिस्टोनावर खूण करवून घेतात आणि एक्स व वाय दोघांनाही केंद्रकाच्या एका कोपऱ्यात गुंडाळून गप्प करतात. ते हिस्टोनच नसलेल्या उंदरांत हा कोपरा तयार होत नाही आणि नर वंध्य राहतात. उंदरांत असेही दिसले आहे की या टप्प्यावर वायवरची ठरावीक जनुके बोलत राहिली, तर पेशी मरते. पण मग एक्सवरच्या रोजच्या कामाच्या जनुकांचे काय? साखरेपासून ऊर्जा काढण्याच्या साखळीतले एक जनुक एक्सवर आहे आणि त्याची एक नक्कल फार पूर्वीच दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसली आहे. एक्स गप्प असतो त्या काळात वृषणात ही नक्कल काम सांभाळते.

तेव्हा बाबांकडून मला आलेले एक्स हे मुळात माझ्या आजीचे, म्हणजे बाबांच्या आईचे. तिच्या दोन एक्सची अदलाबदल होऊन एक तयार झाला, तो बाबांकडे आला, आणि टोकाचा इवलासा भाग सोडला तर तसाच्या तसा माझ्याकडे. बाबांच्या सर्व पेशींत तो आयुष्यभर बोलत होता. शुक्राणू घडताना मात्र तो वायच्या सोबत गप्प झाला आणि बऱ्याच अंशी तसाच प्रवास करून आला. माझे भ्रूण काही दिवसांचे असताना पेशी पेशीत त्याचा निवाडा झाला: काहींत तो चालू राहिला, काहींत आवळला गेला. म्हणजे माझ्या काही पेशी आजीच्या गुणसूत्राने जगतात आणि काही आईच्या.

एका जागी मात्र हा निवाडा रद्द झाला होता. मी आईच्या उदरात असतानाच, पुढे अंडपेशी व्हायच्या पेशी जेव्हा वेगळ्या झाल्या, तेव्हा त्यांच्यातला बंद एक्स उलगडू लागला. एक्झिस्ट विरून गेला, टाके उसवले गेले, खुणा पुसल्या गेल्या आणि दोन्ही एक्स एकाच वेळी बोलू लागले. मग ते अंगाला अंग लावून उभे राहिले, आणि आईकडचे काही तुकडे आजीच्या एक्सवर गेले, आजीकडचे काही आईच्या एक्सवर.